भाषणाआधी तिला निर्णय द्या: एकांकिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना खुले पत्र

एकांकिका लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम जवळ आला की माझ्याकडे संहिता येऊ लागतात. काही परीक्षक म्हणून, काही ‘मॅडम, एकदा नजर टाकाल का’ म्हणून. त्या मी मन लावून वाचते. प्राथमिक फेऱ्यांना अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात बसून प्रयोगही पाहते. तुम्ही काय लिहिता याची मला काळजी आहे, कारण उद्याचा मराठी नाटककार याच गठ्ठ्यात कुठेतरी असतो. हल्ली बऱ्याच संहितांच्या पहिल्या पानावर, लेखकाच्या मनोगतात, एक वाक्य भेटतं: ‘ही एका कणखर स्त्रीची गोष्ट आहे.’ पुढची पानं वाचून संपतात आणि ती बाई मला सापडलेली नसते. त्याबद्दल तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

जे सापडतं ते साधारण असं. पडदा उघडतो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते, नाहीतर कॉटवर बसून बाहेर बघत असते. पहिली तीसेक मिनिटं इतर माणसं तिच्याबद्दल बोलतात. नवरा बोलतो, सासरा बोलतो, ऑफिसातला साहेब बोलतो, गल्लीतली पोरं बोलतात. मग तिच्यावर काहीतरी भयंकर ओढवतं, बहुतेक वेळा बलात्कार. ब्लॅकआउट. त्यानंतर एकच स्पॉट, त्यात ती, मागे ढोल, आणि पाच मिनिटांचं स्वगत. त्यात ती सीता, द्रौपदी, अहल्या आणि वर्तमानपत्रात आलेल्या सगळ्या मुलींच्या वतीनं प्रेक्षकांना जाब विचारते. टाळ्या पडतात. अभिनयाचं पारितोषिक पुष्कळदा तिलाच मिळतं, आणि त्या मुलीनं त्यात जीव ओतलेला असतो हेही खरं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आधीच्या तीस मिनिटांबद्दल. त्या तीस मिनिटांत तुम्ही तिला काहीच करू दिलेलं नसतं.

संहिता वाचताना मी एक गोष्ट करून बघते. त्या बाईनं घेतलेला प्रत्येक निर्णय मनातल्या मनात खोडते आणि नाटक तरीही तसंच पुढे जातं का ते पाहते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या एकांकिका तशाच पुढे जातात. ती नुसती गप्प बसून राहिली असती तरी घडायचं ते सगळं घडलंच असतं, कारण घडवणारे सगळे दुसरे आहेत. अशा बाईच्या तोंडी शेवटी कितीही धारदार वाक्यं घाला, ती कणखर होत नाही. नाटकात माणसाचं बळ दिसतं ते त्यानं काय निवडलं आणि त्या निवडीचं काय काय सोसलं यावरून. पुरुष-पात्रं लिहिताना हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तुमच्या एकांकिकेतला मित्राला फसवणारा, गाव सोडणारा, बापाशी भांडणारा मुलगा काहीतरी करतो आणि त्याचं फळ भोगतो. तिच्या बाबतीत मात्र तुम्ही एकदम हळवे होता. तिला दुखावू नये म्हणून तिच्याकडून काही करवूनच घेत नाही.

त्या शेवटच्या स्वगतांचं मूळ कुठे आहे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन होतं आणि सुलभा देशपांडे यांनी नायिका, शिक्षिका लीला बेणारे, उभी केली. तेव्हापासून बेणारेबाईंचं ते अखेरचं स्वगत मराठी मुलींच्या ऑडिशनचा उतारा होऊन बसलं आहे. ते म्हणून दाखवलेल्या किती मुली मी ऐकल्या असतील! पण तुम्ही फक्त शेवट उचलता. माझी विनंती आहे, एकदा पहिला अंक वाचा.

पहिल्या अंकात काय होतं? एका हौशी नाटक मंडळाचा गावात प्रयोग आहे; मंडळातले बाकीचे लोक पोहोचायच्या आधी बेणारे आणि गावातला सामंत तिथल्या हॉलमध्ये येतात. दाराच्या कडीत तिचं बोट चेमटलेलं असतं. ती हसते, सामंतची थट्टा करते, आपल्या शाळेबद्दल बोलते. आपण वर्गावर कधी उशिरा जात नाही, मुलं आपल्यावर जीव टाकतात, हे ती मोठ्या अभिमानानं सांगते. शाळेत तिच्यावर चौकशी बसली आहे हेही तिच्याच तोंडून कळतं, आणि त्याच दमात ती म्हणते की ते माझं काय वाकडं करणार. मग एकेका सहकाऱ्याची ती खिल्ली उडवते: वकिली न चालणारा सुखात्मे, इंटर नापास शास्त्रज्ञ पोंक्षे, काशीकरांच्या घरी वाढलेला बाळू रोकडे. प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर ती नेमकं बोट ठेवते. तिला सगळं दिसतं आणि ते बोलून दाखवायला ती घाबरत नाही. पुढे हीच मंडळी गंमत म्हणून तिला आरोपी करून एक लुटुपुटीचा खटला मांडतात; तो इतका क्रूर होत जातो त्याचं कारण इथे आहे. ज्यांची ती थट्टा करते त्यांना तिला खाली खेचायचंच असतं. ती आधीपासून ताठ आहे म्हणून तर तिला वाकवायला एवढी माणसं लागतात.

दुसरं म्हणजे, त्या नाटकात एक निर्णय सतत चालू असतो आणि तो तिचा आहे. पोटातलं मूल वाढवायचं, हे तिनं ठरवलेलं असतं. त्या मुलाचा बाप, मंडळातलाच प्राध्यापक दामले, पळ काढतो, त्या नाटकात त्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहते. तेव्हा ती पोंक्षेकडे जाते, रोकडेकडे जाते, मुलाला बापाचं नाव मिळावं म्हणून एकेकाला विचारते. ती भीक नव्हे. ती एका हिशेबी, हताश, धाडसी बाईची खटपट आहे, आणि नेमकी तीच खटपट साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून बाहेर येते. तिच्या पर्समध्ये टिक-ट्वेंटी या कीटकनाशकाची बाटलीही असते. जगणं आणि मरणं या दोन्हींचा विचार तिनं स्वतः केलेला आहे. म्हणून शेवटी ती बोलू लागते तेव्हा आपल्याला आधीच माहीत असतं की हे बोलणाऱ्या बाईनं काय काय पणाला लावलं आहे.

आणि ती बोलते तेही नीट ऐका. ती स्त्रीजातीच्या वतीनं एक अक्षर बोलत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मामावर जडलेल्या प्रेमाबद्दल बोलते, त्यातून झालेल्या अपमानाबद्दल, नंतर एका विद्वानाच्या बुद्धीवर भाळून पदरात पडलेल्या फसवणुकीबद्दल. शरीराचा तिला संताप आहे आणि त्याच शरीरावर तिचं प्रेमही आहे. दोन्ही एकमेकांना खोडणारी वाक्यं ती एका श्वासात बोलते. स्वतःला स्वच्छ धुऊन दाखवायची तिला गरज वाटत नाही. तेंडुलकरांनी आणखी एक निर्दय गोष्ट केली: ती बोलत असताना बाकीचे सगळे गोठून उभे आहेत. तिचं कुणीही ऐकत नाही. स्वगत संपतं, कोर्ट पुन्हा सुरू होतं आणि तिला शिक्षा सुनावली जाते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं कोर्टच गर्भ नष्ट करण्याची शिक्षा देतं. ती हरते. पूर्ण हरते. तरी साठ वर्षं होत आली, ती आपल्याला सोडत नाही. तुमच्या नायिका शेवटी जिंकतात, टाळ्या घेतात, आणि नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आम्ही त्यांना विसरलेलो असतो.

स्वगतांत तुम्ही द्रौपदीला बोलावता, म्हणून तिच्याबद्दल थोडं. ‘वस्त्रहरण’ एवढंच तिचं नाव झालं आहे. महाभारतातली सभा उघडून बघा. द्यूतात हरलेल्या द्रौपदीला आणायला दुर्योधनाचा सेवक प्रातिकामी येतो, तेव्हा ती आधी त्यालाच परत पाठवते. जा आणि त्या जुगाऱ्याला विचार, तू आधी स्वतःला हरलास की मला? स्वतः हरलेल्या माणसाला बायको पणाला लावायचा हक्क होता का, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो तिनं केस धरून फरपटत आणलं जाण्याच्या आधी टाकलेला आहे. भीष्मासारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे असं म्हणून अडखळतो. पुढे धृतराष्ट्र वर देऊ करतो तेव्हा ती युधिष्ठिराची आणि मग बाकी चौघांची मोकळीक मागते आणि तिसरा वर घेत नाही. त्या सभेत पाच पराक्रमी पुरुष मान खाली घालून बसलेले असतात आणि डोकं चालवते ती एकटी द्रौपदी. तुमच्या एकांकिकांत मात्र ती फक्त किंचाळते. तिचा प्रश्न तुम्ही तिच्याकडून काढून घेतला आहे आणि तिच्या हातात नुसता पदर ठेवला आहे.

कणखर म्हणजे चांगली, हा दुसरा समज मोडायला हवा. तेंडुलकरांचंच ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) आठवा: नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्यांना सोडलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम, आणि त्याच्या घरात एकीमागून एक आलेल्या लक्ष्मी आणि चंपा. त्यावर वादळ उठलं, सेन्सॉरशी झगडा झाला, कोर्टकचेरी झाली. चर्चा सगळी चंपाची झाली, कारण ती उघड बोलते, दारू पिते, फौजदार शिंदे या आपल्या नवऱ्याला लाथाडून आलेली असते. पण त्या घरात सगळ्यात चिवट कोण निघतं? लक्ष्मी. देवभोळी, मार खाणारी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी लक्ष्मी. ती परत येते तेव्हा चंपाच तिला ठेवून घेते. दोघींमध्ये घराची एक अघोषित वाटणी होते, लक्ष्मीनं कामाचं बघायचं आणि चंपानं सखारामचं. दोन बायकांमधला असा व्यवहार तोपर्यंतच्या मराठी नाटकात क्वचितच कुणी दाखवला असेल. आणि अखेर चंपाचे सखारामच्या मित्राशी, दाऊदशी, संबंध आहेत हे सखारामच्या कानावर घालणारी लक्ष्मीच. सखाराम चंपाचा खून करतो आणि मोडून पडतो आणि प्रेत पुरायचं कसं हे थंडपणे बघते तीही लक्ष्मीच. ती भयंकर आहे आणि तिला समजून घेता येतं, दोन्ही एकाच वेळी. तुमच्यापैकी किती जण अशी बाई लिहायला धजावाल? नायिका थोडी जरी स्वार्थी दिसली तरी तालमीत कुणीतरी म्हणतं, ‘प्रेक्षकांची सहानुभूती जाईल’, आणि तो प्रवेश कापला जातो. तो कापू नका. प्रेक्षक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा मोठे आहेत.

याची मुळं जुनी आहेत. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं तेव्हा राम गणेश गडकरी नुकतेच वारले होते, आणि दारूड्या सुधाकरच्या बायकोची, सिंधूची, भूमिका बालगंधर्व करत होते. मराठी रंगभूमीवरची आदर्श पतिव्रता एका पुरुषानं लिहिली आणि एका पुरुषानंच साकारली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका इतक्या मोहक होत्या की प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्यासारखी पातळं नेसू लागल्या. सिंधूला मी दुबळी म्हणत नाही. श्रीमंत माहेर असून ती जात्यावर बसते, आणि मरताना खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. हे तिचे निर्णय आहेत, ते पटोत वा न पटोत. पण त्याच नाटकात सुधाकरच्या दारूड्या सोबत्याची, तळीरामाची, बायको गीता आहे. तिला दारूड्यांचा ढोंगीपणा कळतो, ती तोंडावर बोलते, नवऱ्याला घाबरत नाही. गडकऱ्यांनी ही आग बाजूच्या पात्राला दिली, विनोदी अंगानं दिली, आणि नाटकाच्या मध्यभागी सोशीकपणा ठेवला. आज शंभर वर्षांनंतरही तुमच्या संहितांत हीच वाटणी दिसते. शेजारीण, मैत्रीण, कामवाली मावशी चुरचुरीत बोलतात. नायिका शहाण्यासारखी सोसते. मला नेहमी वाटतं, ती शेजारीण मध्यभागी आणून बसवली तर काय नाटक होईल!

मुली स्वतःच्या भूमिका स्वतः करू लागल्यावर काय बदललं तेही इथे सांगायला हवं. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, ज्योत्स्ना भोळे त्यातली बिंबा झाल्या. लग्नाआधी मुलीकडून जी शुद्धता मागता तीच मुलाकडून का नको, हा त्या नाटकाचा प्रश्न. नाटक परदेशी कृतीवर बेतलेलं होतं, पण तो प्रश्न एका खऱ्या मुलीच्या तोंडून मराठी प्रेक्षकांसमोर आला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मधल्या वहिनीनं. विदर्भातल्या धरणगावचा देशपांड्यांचा वाडा, सासरे नुकतेच गेलेले, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि घरभर फिरत असलेली भास्करची बायको. तिला एकही क्रांतिकारक वाक्य नाही. ती स्वयंपाक करते, म्हाताऱ्या माणसांचं बघते, पाहुण्यांचं बघते, पोरांना रागावते. पण त्या घरात काय उरलं आहे आणि काय संपलं आहे याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. एका रात्री ती घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते. त्या एका प्रवेशात तिची हाव आहे, तिची थकावट आहे, कधीतरी नवी नवरी असल्याची आठवण आहे आणि आपणच आता या वाड्याची मालकीण आहोत ही जाणीव आहे. स्पॉटमध्ये उभं राहून तिला हे सांगावं लागलं असतं तर सगळं विस्कटलं असतं. ती दागिने घालते, बस्स. पुढे ते दागिनेच घरातून जातात, तेव्हा काय गेलं ते प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे नायिकेला घर सोडायलाच लावलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. घरातच राहणारी, नवऱ्यावर प्रेम करणारी, देवपूजा करणारी बाईसुद्धा नाटक पेलू शकते. तिच्या हातात पिस्तूल नको, सिगारेट नको, शिव्याही नकोत; असल्या तरी माझी हरकत नाही, पण त्यांनी काम होत नाही. तिला काय हवं आहे ते मला कळू द्या. ते मिळवायला ती काय करते ते दिसू द्या. आणि ती चुकली तर चुकू द्या. चुकायचा हक्क तुम्ही तिला देत नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

तिचं काम दाखवा. तुमच्या पात्रपरिचयात मुलाच्या नावापुढे ‘मेकॅनिक’, ‘एमपीएससी करणारा’, ‘सरपंचाचा पुतण्या’ असं लिहिलेलं असतं. मुलीच्या नावापुढे ‘त्याची प्रेयसी’, ‘त्याची आई’. कित्येकदा नावही नसतं, नुसतं ‘ती’. तिचं नाव काय, वय काय, पोट कशावर चालतं, पगार कुणाच्या खात्यात जमा होतो, हे लेखकाला माहीत नसेल तर तिचा निर्णय कुठून येणार?

आणि सामग्री तर तुमच्या दारात पडली आहे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाची संहिता मध्यंतरी वाचली, ऊसतोडीवर जाणाऱ्या एका जोडप्याची. लिहिणाऱ्याला तो परिसर ठाऊक होता हे प्रत्येक ओळीत दिसत होतं: कोपीतला, म्हणजे फडावरच्या झोपडीतला धूर, पहाटेचा अंधार, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा घेतो आणि फेडायला दोघं राबतात. एवढी जबरदस्त परिस्थिती हातात असून त्या बाईला संहितेत दोनच कामं होती, रडणं आणि शेवटी कोयता उगारणं. मला हवा होता तो प्रवेश त्यात नव्हताच. उचल ठरते त्या दिवशी ती कुठे बसली होती? नवऱ्यानं आकडा कबूल करायच्या आधी तिनं मध्ये तोंड घातलं असतं तर? पोरीला शाळेसाठी गावी आजीकडे ठेवायचं की सोबत न्यायचं, हे कुणी ठरवलं, आणि ठेवली तर रात्री आईला कोणती भीती वाटते? पोरीला मागे ठेवणं आणि सोबत नेणं, दोन्हींत धोका आहे. या एका निवडीवर चाळीस मिनिटांची एकांकिका उभी राहते, आणि कोयता उगारायची वेळही येत नाही.

किंवा सरपंचबाई घ्या. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात पुढे त्या निम्म्या झाल्या. गावोगावी बायका खुर्चीवर आल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्या खुर्चीमागे नवरा उभा राहिला. तुमच्यापैकी खेड्यातून शिकायला आलेल्या कितीतरी जणांनी हे घरात, भावकीत पाहिलेलं असेल. त्यातून तुम्ही विनोदी एकांकिका लिहिता, अडाणी सरपंचबाई आणि तिचा नवरा, हशा, टाळ्या. मला त्यात वेगळा क्षण दिसतो. ग्रामसेवक कागद पुढे करतो, नवरा म्हणतो ‘कर सही’, आणि ती म्हणते, ‘आधी वाचून दाखवा.’ तेवढंच. त्यानंतर त्या खोलीतला प्रत्येक माणूस काय करतो, ते रात्री घरी जातात तेव्हा काय होतं, दुसऱ्या दिवशी नळाच्या रांगेत बायका तिच्याशी बोलतात की तोंड फिरवतात, दीर काय म्हणतो, पुढच्या सभेला ती जाते का. तिला तो कागद खरंच महत्त्वाचा वाटला की नवऱ्यावरचा जुना राग तिनं त्या सहीवर काढला, हेही विचारा. माणसाचा हेतू एवढा शुद्ध कधीच नसतो, आणि नाटकाला तर तो शुद्ध नसलेलाच बरा.

बलात्काराबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. हा विषय नाटकात येऊच नये असं मी म्हणत नाही. पण तुमच्या अनेक संहितांत तो एक सोय म्हणून येतो. बाईला राग यायला, घर सोडायला, तोंड उघडायला काहीतरी मोठं कारण हवं म्हणून तिच्यावर अत्याचार घडवून आणला जातो. जणू त्याशिवाय तिला रागावायचा परवानाच मिळत नाही. खऱ्या बायकांना राग यायला इतकं काही लागत नाही. शिक्षण मध्येच तोडलं गेलं, भावाला जमीन आणि हिला साडीचोळी मिळाली, दहा वर्षं नोकरी करून बढती बाजूच्याला गेली, आईच्या आजारपणात सगळी धावपळ हिची आणि निर्णय भावांचा. या गोष्टींनी माणूस आतून पेटतो. आणि ज्या मुलींवर खरोखर तो अत्याचार झालेला असतो त्यांतल्या काही जणी तुमच्या प्रेक्षागृहातही बसलेल्या असतात. त्यांच्या दुःखाचा वापर पाच मिनिटांच्या स्वगताला चढ आणण्यासाठी करू नका. करायचंच असेल तर त्या घटनेनंतरचं सगळं आयुष्य लिहा: पोलिस चौकी, कॉलेजात परत जाण्याचा पहिला दिवस, आईचं जास्तच जपणं, तिला पुन्हा हसू येणं आणि त्या हसण्याचा इतरांना आलेला संशय.

हसण्यावरून आठवलं. तुमच्या स्त्री-पात्रांना विनोद का नसतो? घरातल्या, वस्तीतल्या, लेडीज डब्यातल्या बायका किती मार्मिक बोलतात! संकटात असलेली बाईसुद्धा विनोद करते, कधी तर संकटात जास्तच करते. बेणारे करतेच की. विनोद करणारी बाई जगाकडे बघत असते, नुसती बघितली जात नसते.

स्वगत लिहायचंच असेल तर त्याचं तंत्र शिकण्यासाठी प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ बघा. १९९१चं नाटक, २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं आणि आजच्या पोरीही ते बघायला गर्दी करत होत्या. त्यात विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते तो लांबलचक प्रवेश आहे. आधी वंदना गुप्ते यांनी केला, नंतर मुक्ता बर्वे यांनी. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे प्रत्येक उत्तर तिच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं. सुरुवातीला तिचं काहीच ठरलेलं नसतं. ती विचारते, ऐकते, समजूत घालते, पुन्हा विचारते, आणि बोलता बोलता तिचा निर्णय आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. तुमच्या स्वगतांत नायिकेला सगळं आधीच कळलेलं असतं. कळलेलं माणूस फक्त सांगतं. ज्याला अजून कळायचं आहे त्याच्याकडे प्रेक्षक श्वास रोखून बघतो.

मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. लेखिका म्हणून येणाऱ्या संहिता अजून कमी असतात, आणि त्या आल्या की सगळे तुमच्याकडून ‘स्त्रियांचा विषय’ मागतात. तो दबाव झुगारा. तुम्ही सावकारावर लिहा, क्रिकेटवर लिहा, भुतावर लिहा. आणि बाई लिहाल तेव्हा तिला आदर्श करायची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊ नका. तुमच्या आईत, मावशीत, होस्टेलच्या रूममेटमध्ये जे तुम्हाला आवडत नाही तेही लिहा. मुलग्यांनो, ‘आम्हाला बायकांचं काय कळणार’ ही पळवाट धरू नका. ज्या आईबद्दल शेवटच्या प्रवेशात तुम्ही गहिवरता, तिला तिच्या लग्नाआधी काय व्हायचं होतं हे एकदा विचारा. कित्येक जणांनी विचारलेलं नसतं.

एक करता येईल. संहिता पक्की करण्याआधी, वाचन झाल्यावर, तुमच्या गटातली जी मुलगी ती भूमिका करणार आहे तिला विचारा: या पंचेचाळीस मिनिटांत तू स्वतःहून काय करतेस? भावना कोणत्या दाखवतेस ते नको, काय करतेस ते सांग. ती अडखळली तर स्पर्धेची तारीख जवळ आली असली तरी पुन्हा लिहायला बसा. तालमी दोन दिवस उशिरा सुरू झाल्या तर चालतील. नेपथ्याचा एखादा खांब कमी झाला तरी चालेल. आणि नवा मसुदा झाला की मला जरूर पाठवा. मी वाचेन आणि समासात पेन्सिलनं माझ्या शंका लिहून परत पाठवेन.

तुमची,
संहिता वाचणारी एक परीक्षक